ब्रिटनमध्ये सिगारेट सोडायला कोणतं वेप घ्यावं: चार किट, आणि निकोटीन किती

दिवसाला दहा-वीस सिगारेटी ओढणारा आणि आता त्या सुटाव्यात असं मनापासून वाटणारा माणूस लेस्टर, स्लाऊ किंवा हॅरोतल्या एखाद्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात शिरला, तर त्याने काय मागावं? पुन्हा भरता येणारं छोटं पॉड किट (पॉड म्हणजे लिक्विडची छोटी टाकी), 1.0 किंवा 1.2 ओहमची कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तार; ओहम जितके कमी तितकी वाफ जास्त) आणि दर मि.ली.ला 20 मि.ग्रॅ.चं निकोटीन सॉल्ट लिक्विड. बहुतेकांना एवढं उत्तर पुरतं. पुढे लिहिलंय ते हे उत्तर कुणाला लागू पडत नाही आणि लागू पडूनही आठवड्याभरात का फसतं, त्याबद्दल.

जो सिगारेट ओढत नाही त्याच्यासाठी यात काहीही नाही. वेप निरुपद्रवी नाही. धूम्रपानाच्या मानाने त्याची हानी बरीच कमी, एवढंच. गरोदर बाईने आधी निकोटीनच्या पॅच किंवा गमबद्दल सुईणीशी किंवा जीपीशी, म्हणजे फॅमिली डॉक्टरशी, बोलावं. आणि 18 वर्षांखालच्या मुलाला हे विकणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

आधी मात्रा ठरवा

लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. यंत्र पसंत करतात, रंग बघतात आणि मग लिक्विडच्या फळीसमोर उभे राहून "जरा हलकंच द्या" म्हणतात. सोडायचीच आहे तर निकोटीन कमी असलेलं बरं, हा हिशेब वरवर पटतोही. पण सिगारेटमध्ये जीव घेतं ते तंबाखू जळताना तयार होणारं टार, कार्बन मोनॉक्साइड आणि त्यांच्यासोबतची इतर विषारी रसायनं. निकोटीनचं काम सवय लावण्याचं. ते कमी पडलं की तलफ भागत नाही. माणूस दिवसभर यंत्र तोंडाला लावून बसतो आणि संध्याकाळी खाली जाऊन एक पेटवतोच.

लंडन साऊथ बँक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली हे मोजून दाखवलं. 18 मि.ग्रॅ.ऐवजी 6 मि.ग्रॅ.चं लिक्विड दिल्यावर लोकांनी झुरके वाढवले, लांबवले, लिक्विड जास्त संपवलं, आणि त्या नादात फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाशी त्यांचा संपर्क वाढला. म्हणजे हलकं घेऊन जे टाळायचं होतं तेच जास्त पदरात पडलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, 886 धूम्रपान करणाऱ्यांवरच्या इंग्लंडमधल्या चाचणीत वेप दिलेल्यांपैकी 18 टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते. पॅच-गमवाल्यांमध्ये हे प्रमाण 9.9 टक्के होतं. तिथेही सुरुवातीला दिलेलं लिक्विड 18 मि.ग्रॅ.चं आणि साध्या तंबाखूच्या चवीचं होतं. याच चाचणीतला दुसरा आकडा दुकानदार सांगत नाहीत: वेपच्या मदतीने सुटलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते. सिगारेट सुटणं आणि निकोटीन सुटणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकायच्या आधी दुसरी सुरू करू नये.

मात्रा ठरवताना सिगारेटींच्या संख्येपेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर दिवसाला आठच ओढत असलात तरी ओढ मोठी आहे. अशांनी सरळ 20 मि.ग्रॅ. सॉल्टपासून सुरुवात करावी. दिवसाला वीस सिगारेटींच्या वर ओढणाऱ्यांना एवढ्यानेही भागलं नाही तरी याहून कडक लिक्विड मिळत नाही, कारण ब्रिटनमध्ये 20 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. त्यांनी सोबत 21 मि.ग्रॅ.चा चोवीस तासांचा पॅच लावावा. पॅच आणि वेप एकत्र वापरायला हरकत नाही. धूम्रपान सोडवणाऱ्या सेवेतले सल्लागार स्वतःच ही जोडी सुचवतात. सकाळ निवांत जाते, जेवणानंतर आणि चहाबरोबर मिळून पाच-सहा होतात, अशा माणसाला 10 मि.ग्रॅ. सॉल्ट पुरतं. फक्त शनिवारी मित्रांत बसल्यावर ओढणाऱ्याने यंत्र घेऊच नये. त्याला तेवढ्यापुरता गम बरा, नाहीतर शनिवारची सवय सोमवारवर पसरते.

सॉल्ट आणि साधं, म्हणजे फ्रीबेस, यांतला फरक घशात कळतो. सॉल्टमध्ये निकोटीनबरोबर बहुधा बेन्झोइक आम्ल असतं. त्याने लिक्विडची क्षारता उतरते आणि 20 मि.ग्रॅ.सुद्धा घशाला बोचत नाही. फ्रीबेसमध्ये 12 च्या पुढे ठसका लागतो आणि 18 बऱ्याच जणांना झेपत नाही. पण कडक, बिनफिल्टरची सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्यांना घशाला तो चटका हवाच असतो. सॉल्ट त्यांना पाणचट वाटतं. त्यांनी 12 किंवा 18 चं फ्रीबेस घ्यावं. बाटलीवर मि.ग्रॅ.ऐवजी टक्के छापले असतील तर दहाने गुणा: 2 टक्के म्हणजे 20 मि.ग्रॅ. दुबईहून येताना कुणी 5 टक्क्यांचं आणून दिलं तर ते 50 मि.ग्रॅ. झालं, ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीचपट.

जास्त झालं हे शरीर लगेच सांगतं: मळमळ, उचकी, डोकं हलकं होणं, छातीत धडधड. यंत्र खाली ठेवा, पाणी प्या. सहसा थोड्या वेळात उतरतं. कमी पडतंय हे ओळखायला जास्त वेळ लागतो, कारण ते चिडचिडीच्या रूपात येतं आणि खापर बायकोवर किंवा ऑफिसवर फुटतं. पॉड दुपारपर्यंत संपत असेल आणि तरी सिगारेटची आठवण जात नसेल, तर मात्रा वाढवा.

एक गफलत हमखास होते. सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृतात कॅफीन वेगाने मोडायला लावतात, वेप तसं करत नाही. सिगारेट थांबली की तेवढ्याच कपांमधलं कॅफीन रक्तात जास्त वेळ टिकतं. हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस निकोटीन जास्त झालं समजून मात्रा उतरवतो. आधी चहा-कॉफी निम्मी करून बघा. याच कारणाने क्लोझापीन, ओलान्झापीन किंवा थिओफिलीन चालू असणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्या औषधांचे डोस बदलावे लागू शकतात.

चार किट

सिगारेटीचा झुरका आधी तोंडात भरतो आणि मग छातीत उतरतो. वेपमध्ये हे जमायला हवा घट्ट लागते. स्ट्रॉने दाट मँगो मिल्कशेक ओढताना जेवढा जोर लागतो तेवढा. सैल हवेची, मोठ्या ढगांची यंत्रं सरळ छातीत ओढण्यासाठी असतात. नवख्याने ती घेतली की पहिल्याच झुरक्याला खोकतो आणि किट कपाटात जातं.

व्हेपरेसो एक्सरॉस 3: बॅटरी 1000 एमएएच, यूएसबी-सी, पॉड 2 मि.ली.चा. ओढलं की चालू होतं आणि बटणही आहे. बाजूच्या सरकत्या पट्टीने हवा घट्ट-सैल करता येते. कॉइल पॉडमध्येच बसवलेली असल्याने ती खराब झाली की अख्खा पॉड टाकायचा. खर्च थोडा जास्त, पण खटपट शून्य. बोटं साथ न देणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी चौघांत हेच. याच मालिकेतले वेगवेगळ्या ओहमचे पॉड यात बसतात. 1.0 चा सॉल्टसाठी, 0.6 चा कमी मात्रेच्या लिक्विडसाठी. घोळ इथेच होतो: डब्यात दोन्ही पॉड असले की लोक दिसायला सारखे म्हणून कुठलाही लावतात. 0.6 मध्ये 20 मि.ग्रॅ. भरलं तर चक्कर येऊ शकते.

युवेल कॅलिबर्न जी2: बॅटरी 750 एमएएच, कमाल 18 वॅट. कॉइल पॉडच्या तळातून ओढून बदलता येते, 0.8 आणि 1.2 ओहमच्या मिळतात. पॉड तोच ठेवून फक्त कॉइल बदलायची असल्याने महिन्याचा खर्च कमी येतो. चव चौघांत सगळ्यात स्वच्छ, विशेषतः 1.2 वर. बॅटरी मात्र जास्त ओढणाऱ्याला दिवसभर पुरेलच असं नाही. रात्रपाळीच्या नर्सने किंवा टॅक्सीवाल्याने हे घेऊ नये.

इनोकिन एंड्युरा टी18ई: पेनासारखं लांबट, 1000 एमएएच, 14 वॅट, 1.5 ओहमची कॉइल, हवा ठरलेली, बटण दाबूनच चालणारं. रूप जुनाट आहे, पण झुरका सिगारेटीच्या सगळ्यात जवळचा याचाच. कॉइल वरच्या झाकणाला जोडलेली असल्याने टाकी रिकामी न करता बदलता येते. 12 किंवा 18 मि.ग्रॅ. फ्रीबेस हवं असणाऱ्यांनी दुसरीकडे बघायची गरज नाही.

अस्पायर पॉकेक्स: 1500 एमएएच, 0.6 ओहम. हवा वरून आत जाते म्हणून गळतं कमी. झुरका सैल आणि उबदार, त्यामुळे पहिलं यंत्र म्हणून शिफारस नाही. काही महिन्यांनी मात्रा 6 किंवा 3 वर आली आणि भरघोस वाफ हवीशी वाटू लागली, तर हे बरं.

यंत्र बदललं की मात्रेचा अर्थही बदलतो. 1.2 ओहमवर दिवसाला 2 मि.ली. लागलं तर 20 च्या हिशेबाने 40 मि.ग्रॅ. निकोटीन यंत्रातून गेलं. 0.6 वर दिवसाला 5 मि.ली. सहज उडतं, 6 मि.ग्रॅ.चं असलं तरी 30 झालंच. सगळं काही रक्तात उतरत नाही, तरी तुलनेला हा हिशेब पुरेसा आहे. म्हणून "मी 20 वरून 6 वर आलो" असं कुणी सांगितलं की हातात यंत्र कोणतं आहे ते आधी विचारा.

लिक्विड आणि कॉइल

निकोटीनचं लिक्विड 10 मि.ली.च्या बाटलीतच विकता येतं. बाटलीवर व्हीजी आणि पीजी यांचं प्रमाण असतं. व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, दाट; पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, पातळ. एक ओहम किंवा त्यावरच्या कॉइलला 50/50 घ्या. 70 टक्के व्हीजीचं दाट लिक्विड लहान कॉइलच्या बारीक छिद्रांतून वेळेत झिरपत नाही, आतला कापूस कोरडा पडतो आणि जळतो. उलट 0.6 मध्ये पातळ लिक्विड भरलं तर ते कॉइलमध्ये साचतं आणि तोंडात गरम थेंब उडतात.

चव निवडताना आंबा, लिची, मिठाईछाप प्रकार मोह घालतात. त्यांतली बरीच सुक्रालोजने गोड केलेली असतात. साखरेसारखंच ते कॉइलवर जळून काळा थर धरतं. दोन आठवडे चालणारी कॉइल पाच-सहा दिवसांत जाते. पुदिना, मेन्थॉल किंवा तंबाखूच्या चवीवर कॉइल जास्त टिकते. बाटलीतलं लिक्विड हळूहळू तपकिरी होतं ते निकोटीनचा हवेशी संबंध आल्यामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नवी कॉइल लावल्यावर दहा मिनिटं थांबणं ही एकच गोष्ट शिकलात तरी निम्म्या तक्रारी मिटतील. कॉइलच्या बाजूच्या छिद्रांत दिसणाऱ्या कापसावर दोन-तीन थेंब टाका, ती बसवा, पॉड वरच्या खुणेच्या किंचित खाली भरा आणि उभा ठेवा. दहा मिनिटांनी यंत्र चालू न करता तीन-चार वेळा नुसती हवा ओढा: बटणाच्या यंत्रात बटण न दाबता, ओढून चालू होणाऱ्यात पॉड बाहेर काढून. मग पहिले पाच-सहा झुरके छोटे आणि मधे दम देऊन घ्या. घाई केली की कापूस करपतो, आणि एकदा करपलेली कॉइल धुऊन, वाळवून, काहीही करून परत येत नाही.

झुरक्याची पद्धतही बदलावी लागते. सिगारेट फटाफट, जोरात ओढायची सवय असते. वेप तीन-चार सेकंद सावकाश ओढायचं आणि दोन झुरक्यांत वीस-तीस सेकंद सोडायचे. जोर लावल्यास लिक्विड कॉइलमध्ये ओढलं जातं आणि गुडगुड आवाज येतो. तसं झालं तर पॉड काढा, तोंडाच्या भोकाला टिश्यू धरून दोन झटके द्या, खालचे धातूचे टिपके कापसाच्या काडीने पुसा. चार्ज असूनही दिवा लुकलुकतो आणि यंत्र चालत नाही, तेव्हाही बहुधा या टिपक्यांवरचा ओलावाच नडतो.

गळतीची कारणं ठरलेली असतात: काठोकाठ भरणं, उन्हात गाडीत ठेवणं, आडवं ठेवणं, वाकडी बसलेली रबरी कडी आणि विमान. विमानात वर जाताना दाब उतरतो आणि पॉडमधली हवा लिक्विडला बाहेर ढकलते. निघण्याआधी पॉड रिकामा करा. लिथियम बॅटरी असल्याने यंत्र हातातल्या सामानातच ठेवायचं, बंद करून.

पहिले आठ-दहा दिवस कोरडा खोकला आणि घसा सुकणं नेहमीचं. पीजी पाणी शोषतं, पाणी जास्त प्या. दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर पीजी कमी असलेलं लिक्विड घ्या. मग कॉइलही त्याला झेपणारी लागेल. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात. 10 मि.ली. गुणिले 20 म्हणजे एका बाटलीत 200 मि.ग्रॅ. निकोटीन; रांगत्या बाळाला त्यातला घोटभरही फार धोक्याचा. हातावर सांडलं तर लगेच धुवा.

खर्च

यूज-अँड-थ्रो वेप 1 जून 2025 पासून ब्रिटनमध्ये विकता येत नाहीत. त्यानंतर फळीवर आलेली काही यंत्रं नावापुरतीच पुन्हा भरता येणारी आहेत. सुटे पॉड त्याच दुकानात ठेवलेत का, ते घेण्याआधी बघा. पॉड किट साधारण 15 ते 25 पौंडांत येतं आणि 10 मि.ली.ची बाटली चारेक पौंडांत. दिवसाला 3 मि.ली. धरलं तर महिन्याला नऊ बाटल्या, म्हणजे 36 पौंड, वर कॉइलचे आठ-दहा. 1 ऑक्टोबर 2026 ही नव्या कराची तारीख आहे: दर 10 मि.ली.ला 2.20 पौंड, त्यावर व्हॅट धरून 2.64. नऊ बाटल्यांचे महिन्याला जवळजवळ 24 पौंड वाढतात. तरीही रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या सिगारेटी आठवड्याभरात या सगळ्याहून जास्त घेतात.

हा कर निकोटीन नसलेल्या लिक्विडवरही आहे. त्यामुळे मोठ्या बाटलीची, म्हणजे शॉर्टफिलची, स्वस्ताई बरीच उतरते. 50 मि.ली. शॉर्टफिलमध्ये 18 मि.ग्रॅ.ची 10 मि.ली. निकोटीनची कुपी ओतली की 60 मि.ली. होतं आणि मात्रा 3 मि.ग्रॅ. पडते. सिगारेट नुकती सोडणाऱ्यासाठी हे तसंही फार हलकं. विकत घेण्याआधी आपल्या कौन्सिलच्या धूम्रपान सोडवणाऱ्या सेवेला फोन करावा. 2023 साली जाहीर झालेल्या स्वॅप टू स्टॉप योजनेतून इंग्लंडमध्ये किट मोफत मिळत आलं आहे, आणि सोबत मिळणारा सल्लागार यंत्राइतकाच कामाचा.

मात्रा उतरवायची घाई नको. किमान तीन महिने एकही सिगारेट नाही, एवढं झालं की 20 वरून 10 वर या, यंत्र आणि चव तीच ठेवून. सगळं एकदम बदललं तर काय नडलं ते कळत नाही. सिगारेटची आठवण परत आली तर निमूट वर जा.

भारतात जाताना

यंत्र घरी ठेवून जा. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक आणि साठा भारतात गुन्हा आहे. आयात, विक्री किंवा वाहतुकीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "स्वतःपुरतं आणलंय" ही सबब मुंबईच्या विमानतळावर चालत नाही. लग्नाच्या चार दिवसांत मंडपामागे सिगारेटी फिरतात, मावा-खैनी पुढे येते, आणि वेप हाताशी नसतो. बरेच जण तिथेच परत अडकतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पॅचवर या आणि सोबत गम ठेवा.

2 मि.ग्रॅ.चा गम भारतात औषधाच्या दुकानात मिळतो. तो च्युइंग गमसारखा चघळत राहिलात तर निकोटीन गिळलं जातं, पोटात जळजळतं आणि तलफ तशीच राहते. चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, तिखटपणा गेला की पुन्हा चार-सहा वेळा चावायचा, असं अर्धा तास. चहा, कॉफी, सरबत किंवा कोल्ड्रिंक घेतल्यावर पंधरा मिनिटं गम नको, कारण तोंड आंबट असताना निकोटीन गालातून शोषलं जात नाही. पाहुणचाराचा चहा दर तासाला समोर येणार हे धरून गमची वेळ आधी ठरवा.